फुकटची कोथिंबीर

"मावशी, खाली बसा. खुर्च्या टॅक्स भरणाऱ्यांसाठी आहेत."

सोसायटीचे सेक्रेटरी बोलले. माईकवर. अख्खा हॉल हसला. आणि मीही हसले. तेच मला अजून सलतं.

एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. गंगापूर रोडला या सोसायटीच्या गेटवर बारा वर्षं भाजी विकते, गिरणारे गावच्या माझ्या वीस गुंठ्यांतली. मी "मेथीऽऽ" म्हटलं की धरणातलं पाणी हलतं. माझी मेथी पिशवीत घातल्यावरही वाढत राहते. बायका म्हणतात, "मावशी, किती फेकता हो!" आणि दोन जुड्या जास्त नेतात.

त्या दिवशी बैठक होती ती माझ्याचसाठी. गेटवर ठेवायचं की हटवायचं? गुडघे दुखतात म्हणून मागची एक रिकामी खुर्ची धरली होती. उठले. फरशीवर बसले. एसी असा, की माझ्या कोबीलाही हुडहुडी भरली असती.

सेक्रेटरींनी कागद पुढे केला. सोबत शाईचा पॅड.

"अंगठा करा. मग राहू देऊ."

मला लिहिता-वाचता येतं, हे त्यांना बारा वर्षांत कळलं नव्हतं. मी वाचलं. 'मी कोणताही कर भरत नाही. जागेवर माझा हक्क नाही. सांगाल तेव्हा मुकाट्याने उठेन.'

हसू तिथंच मेलं.

"हे खोटं हाय, साहेब."

"खोटं कसलं? शेतकऱ्याला टॅक्स असतो का? आमच्या पैशावर सगळं फुकट चाललंय तुमचं."

फुकट! समोरच्या बाईंकडे बघितलं. जुडी पिशवीत पडली की यांचा हात रोज परत पुढे येतो, "वरून मूठभर कोथिंबीर टाका ना." बारा वर्षांची ती कोथिंबीर रचली तर हा हॉल छताला लागेल. यात मी एका काडीचीही भर घातलेली नाही.

"फवारणीच्या पंपावर टॅक्स भरते मी. औषधावर, ठिबकच्या नळीवर, टेम्पोच्या डिझेलवर. तुम्ही लावता त्याच साबणावर. आन कांद्याला बरा भाव आला की सरकार बाहेर पाठवणं बंद करतं. तुमचं ताट स्वस्त राहावं म्हणून. ते कोण सोसतं? त्याची पावती नाय मिळत, साहेब."

कुणी हसलं नाही.

पॅड सारला, पेन मागितलं. सगळं खोडलं आणि खाली लिहिलं : 'मी कर भरते. उठणार नाही.' सही केली, लांबलचक, पार समासाबाहेर.

सेक्रेटरींनी कागदाची घडी घातली. सावकाश, नखानं दाबत. "बरं," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बाहेर वॉचमन कुजबुजला, "मावशी, सकाळी अतिक्रमणाची गाडी बोलावलीय. नका येऊ."

तरी सकाळी मी गेले. टोपल्या उचलून गाडीत फेकल्या त्यांनी. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या टोपल्या मांडल्या.

तेव्हापासून गाडी रोज वळणावर उभी असते. इंजिन चालू. उतरत कुणी नाही. बाल्कन्यांतून लोक बघतात, आणि मी बघितलं की आत जातात.

एक दिवस उतरतील. टोपली उचलतील, तराजू उचलतील. मग त्यांना मलाही उचलावं लागेल. माझ्या पायांनी मी उठणार नाही.