दामूकाकांच्या अ‍ॅम्पचा टोन

भुताचा विषय निघाला की मी विचारतो, त्याचं अर्थिंग तपासलं का? अमरावतीत पॉलिटेक्निकच्या पोरांना सर्किट शिकवतो मी. करंटला रस्ता नसेल तर आवाज येत नाही, एवढाच माझा धर्म. त्यामुळे पुढचं वाचून हसलात तरी चालेल... माझे विद्यार्थी हसलेच.

अकोल्याला जठारपेठेत दामूकाका राहतात. वडिलांचे मित्र, एकेकाळचे लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले गिटारवाले. गिटारचा आवाज मोठा करणारा, स्वतः बनवलेला अ‍ॅम्प त्यांनी मला देऊन टाकला – जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेला, ते तापल्यावरच बोलणारा. मागच्या वर्षी काकांचा एक कान गेला, दुसरा जात होता. डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती. काकांचं मागणं एकच – तो कान जाण्याआधी आपला जुना टोन एकदा ऐकायचा.

मी आवाजाचा पोत बदलणारे पाच पेडल जोडले, नॉब फिरवून फिरवून बोटं झिजवली. दर रविवारी अ‍ॅम्प गाडीत टाकून अकोला. काकांचा निकाल ठरलेला: "टिनावर गोटे पाडून राहिला का बे?" एकदा तर मिक्सर बंद कर म्हणाले.

त्या रविवारी मी पहिल्यांदाच शहाणपणा केला. खड्ड्यांत काच फुटू नये म्हणून चारही व्हॉल्व्ह काढले, पायमोज्यांत गुंडाळले, स्टीलच्या डब्यात ठेवले. दुपारी काकांकडे पोचलो, सवयीने अ‍ॅम्प भिंतीशी ठेवला, स्विच मारला, मिनिटभर थांबलो. काकांनी एकेक करत सगळे पेडल काढायला लावले. शेवटी गिटार, वायर आणि अ‍ॅम्प एवढंच उरलं. मी एक तार छेडली...

गोल आवाज. कडेला किंचित फाटलेला, माणसाचा गळा भरून यावा तसा. आणि विरतच नव्हता. मी इतकं चांगलं वाजवत नाही हो, खरंच. काकांनी अ‍ॅम्पवर तळवा टेकला, डोळे मिटले.

"हाच. आता नॉबले हात नको लावू."

मी वाजवत राहिलो. किती वेळ, माहीत नाही. मग फोन वाजला. घरून बायको.

"अवो, चिवड्याच्या डब्यात पायमोजे काहून कोंबले? काचा आहेत त्यात."

फोन कानाला तसाच धरून मी अ‍ॅम्पच्या मागे वाकलो. चारही सॉकेट रिकामे. बोट घालून खात्री करणार होतो – पोरांना मी हेच करू नका म्हणून शिकवतो. परत तार छेडली. काही नाही. साधी गुणगुणसुद्धा नाही. घरात दुसरा स्पीकर नव्हता, टीव्हीही बंद.

व्हॉल्व्ह बसवल्यावर अ‍ॅम्प वाजतो, बरा वाजतो. तो टोन काही येत नाही.

पुढच्या महिन्यात काकांचा दुसरा कानही गेला. मी भीतभीत सगळं कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं.

"मंग थांबला काहून बे?"

आवाज कुठून आला, ते मला आजही सांगता येत नाही. पण मी फोन उचलला कशाला, हे तर त्याहूनही सांगता येत नाही.