पाण्यातला पतंग आणि माझी आसारी

जवळ ये गं जरा. पुण्यात बसलीस म्हणून सुटलीस असं समजू नकोस, लिहितालिहिताही कान धरता येतो मला. घरच्या ग्रुपवर लेकीने तो व्हिडिओ टाकला, त्यावर तू ओळभर हसरी तोंडं टाकलीस, आणि "मावशी, काका बरे आहेत ना?" एवढं विचारायला फोन नाही केलास! सख्खी भाची ना तू माझी? आता ऐक सगळं. व्हिडिओत दिसतं ते नुसतं शेपूट आहे.

तुझे काका संक्रांतीला काय होतात ते तू पाहिलंयस. अंबडच्या कारखान्यातून रिटायर झालेला, गुडघा धरून जिना चढणारा माणूस. पण त्या दिवशी इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर वाघ. आणि वाघाच्या मागे आसारी धरून मी. मांजा गुंडाळलेली ती लाकडी आसारी लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हातात आली ती आजतागायत. वाणाला आलेल्या बायका खाली ताटकळतात, पण मला हलता येत नाही. आसारी धरणारीने पतंगावरही डोळा ठेवायचा असतो. मी मागून "ढील!" म्हटलं की यांचे हात आपोआप सैल पडतात. वळून बघणं नाही, का म्हणून विचारणं नाही. अख्ख्या संसारात माझं एवढं एकच ऐकलं त्यांनी, पण ते मात्र कधी चुकवलं नाही.

तर आमच्या जावईबापूंना नवा नाद लागलाय. कमरेला पट्टा, पायाखाली फळी आणि वर चादरीहून मोठा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला पाण्यावरून पळवतो. कोकणात समुद्रावर शिकून आले, आणि इकडे वारा सुटला की गंगापूर धरणाच्या पाण्यावर सराव करतात. एका रविवारी लेकीबरोबर आम्हालाही घेऊन गेले. मी थालीपीठं बांधून घेतली. म्हटलं, काठावर बसून गंमत बघू.

गंमत कसली! पतंग बघितला आणि हे उठलेच. "पतंग तो पतंग. गच्चीवर काय नि पाण्यावर काय! आणा इकडे."

आता जावयाने सासऱ्याला नाही म्हणायचं कसं? बिचाऱ्याने यांना जाकीट घातलं, हेल्मेट चढवलं, पतंगाच्या दोऱ्यांची दांडी हातात दिली आणि समजावलं, "बाबा, म्हणजे तुम्हाला योग्य वाटलं तर, फार ओढ लागली तर दांडी सोडून द्यायची हं. आणि हा लाल गोळा, जमलं तर, ओढायचा, म्हणजे पतंग पट्ट्यापासून सुटतो."

शेजारी जीवरक्षक मुलगी उभी होती. काठावरच्याच गावची, नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. ती कडाडली, "दादा, जमलं तर काय? सोडायचीच, असं सांगा ना!"

"अहो, सासरे आहेत ते."

"मग पाण्यालाबी सांगून ठेवा, सासरे हायेत म्हणून!"

ठरलं होतं ते एवढंच, की कमरेएवढ्या पाण्यात नुसतं उभं राहायचं. फळीबिळी काही नाही. जावईबापूंनी मागून पट्टा धरला होता, तर हे म्हणाले, "सोडा हो, मी काय लहान आहे?" त्यांनी सोडला. सासऱ्यांची आज्ञा! नेमका तेव्हाच वारा भरारला आणि आमचं ध्यान पालथं पडून निघालं की पाणी कापत!

गच्चीवर खेचलं की पतंग चढतो, म्हणून हे खेचत सुटले. इथे दांडी जितकी छातीशी ओढाल तितका पतंगाला जोर चढतो, आणि सोडली की तो मवाळतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसत होतं ते एवढंच, की पुढे पाण्यात बुडालेल्या बाभळी आहेत आणि यांचं हेल्मेट तिकडेच चाललंय.

मुलगी शिट्टी फुंकत होडीकडे धावली. "बाबा, दांडी सोडा!"

तिकडून आवाज आला, "सोडू? माझा पतंग आजवर कुणी कापलेला नाही!"

"बाबा, कृपया सोडा!" जावईबापू. त्या घाईतही कृपया!

मी ओरडले, "अहो, सोडा ते मेलं!" छे. बायकोचं कोण ऐकतंय?

मुलीने होडी नेली, पण अलीकडेच थांबवली. ओरडून म्हणाली, "मावशी, पतंग वर हाय तोवर मला जवळ जाता येत नाय! दोऱ्या इंजिनात अडकल्या तर दोघंबी जाऊ!"

बाभळीचे शेंडे आता अगदी जवळ दिसत होते. काय वाटलं कोण जाणे, मी पदर खोचला, थालीपिठांच्या डब्याचं झाकण आसारीसारखं दोन्ही हातांत धरलं आणि गच्चीवरच्या आवाजात हाक दिली, "ढील!"

हात सुटले बघ! मागे न बघता, का म्हणून न विचारता. पतंग डुलला आणि ओल्या गोधडीसारखा पाण्यावर आडवा झाला. त्या मुलीने होडी घातली आणि यांना काखेत धरून वर ओढलं. लेकीच्या व्हिडिओत आलं ते एवढंच. बाभळीचा एक काटा बाहीत राहिला होता.

काठावर येताच यांचा पहिला प्रश्न, "पतंग फाटला का?"

मी डोळे पुसत थालीपीठ हातात दिलं. हे खाली बघत म्हणाले, "तुझ्या हातात आसारी नव्हती ना, म्हणून गडबड झाली." म्हणजे चूक माझीच!

आता यांना परत जायचंय. त्या मुलीने अट घातलीय, आधी काठावर उभं राहून दांडी सोडायची आणि लाल गोळा ओढायची सवय करा, झोपेतसुद्धा हात सुटला पाहिजे. आणि मावशी काठावर हव्यातच. रोज संध्याकाळी गच्चीवर लाटणं धरून सराव चालतो. मी "ढील" म्हणते, लाटणं खाली पडतं, खालच्या मजल्यावरचे वर बघतात.

पण एक धाकधूक आहे गं. वारा उलटा असला तर माझा आवाज पोचायचा नाही, घसा पूर्वीचा राहिला नाही. तुझा मात्र लहानपणापासून कसा, एक हाक मारलीस की कोपऱ्यावरचा भाजीवाला वळायचा. तू ये. पुढच्या रविवारच्या आत ये. हसरी तोंडं पुण्यातच ठेव आणि आवाज तेवढा घेऊन ये बाई.