पुष्पाताईंच्या टेबलावरचे मीटर

पिपरी मेघेत आमचं गॅरेज आहे. मी वायरिंग करतो, पुष्पाताई गाड्यांचे मीटर दुरुस्त करतात. मीटर टेबलावर उघडा असेपर्यंत गिऱ्हाईक जागचं हलत नाही आणि गप्पही बसत नाही. त्यामुळे किस्से आम्ही जमवत नाही, ते आपोआप साठतात.

ताई घड्याळजीची लेक. मीटरचा काटा काढायला त्या चहाचे दोन चमचे वापरतात. दोन्ही बाजूंनी अलगद उचलला की काटा वाकत नाही. एका जीपवाल्याने चमचे पाहिले नि म्हणाला, "ताई, चहा राहू द्या, घाई हाय."

ताईंनी मान वर केली नाही. "चहा नाई भाऊ, काटा काढून राह्यली."

देवळीचा एकजण ऐन पेरणीत ट्रॅक्टर घेऊन आला. संध्याकाळ झाली की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा. रेडिएटर बदलून झाला होता, आता इंजिन खोलायचं ठरत होतं.

"संध्याकाळीच काऊन?" ताईंनी विचारलं आणि लाइट लावायला सांगितले. लाइट लागले, काटा चढला. बंद केले, उतरला. ताईंनी मीटरमागची गंजलेली अर्थिंगची वायर घासून स्क्रू आवळला.

"इंजिन चांगलं हाय भाऊ. ताप मीटरलेच होता."

जुन्या गाड्या विकणारा एक व्यापारी आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. एकदा मीटर पुढे ठेवून म्हणाला, "ताई, याचे किलोमीटर जरा कमी करून द्या."

"ते काम इथं होत नाई."

तो चिडला. सगळं काम दुसरीकडे नेलं. ताईंचं टेबल कित्येक महिने निम्मं रिकामं होतं, आणि खरं सांगतो, मला ताईंचाच राग आला होता. मग एक दिवस तो आपल्या मुलीला घेऊन आला. तिच्यासाठी जुनी स्कूटर पाहिली होती. हळूच म्हणाला, "हिचा मीटर खरा हाय का, तेवढं तुम्हीच पाहा."

रामदासभाऊ शाळेची व्हॅन चालवतात. मीटर अंधुक दिसतो म्हणून तीनदा आले. ताईंनी आधी आतले दिवे बदलले, मग काच. तिसऱ्या वेळी उजेड पूर्ण वाढवून आकडा वाचायला सांगितला. भाऊंनी आठाचा तीन वाचला.

ताई खिडकीशी वाकल्या. "मीटर चांगला हाय भाऊ. डोळे दाखवा. तोवर लेकरं दुसऱ्याच्या गाडीत जाऊ द्या."

"गाडीवरच घर चालते ताई."

"म्हणूनच सांगून राह्यली."

भाऊ व्हॅन घेऊन निघून गेले. दोन महिने फिरकले नाहीत. ताई रोज रस्त्याकडे बघायच्या.

एका सकाळी व्हॅन दारात थांबली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. भाऊंनी काळा चष्मा काढला, किल्ली फिरवली आणि मीटरकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, हा उजेड लय झाला. जरा कमी करून द्या."