दोन्ही धनी राजी

पुंजाजी दलालाशी हात मिळवायचा असेल तर आधी आपली पाच बोटं मोजावीत आणि नंतर पुन्हा मोजावीत, असं आमच्या केनवडात म्हणत. म्हणत म्हणजे काय, मीच म्हणत असे. पण मी सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत गावाचं होई. हा माझा गुण की गावाचा दोष, ते तुम्ही शेवटी ठरवा.

बैलबाजारात भाव तोंडानं करत नसत. विकणाऱ्याचा हात दलालाच्या हातात, वर उपरणं टाकलेलं, आणि आत बोटांचं बोलणं. चार माणसं भोवती उभी असली तरी त्यांना दिसे ते फक्त हलणारं कापड. पुंजाजीचं उपरणं तांबड्या काठाचं होतं आणि एवढं मोठं की त्याखाली बैलासकट सौदा झाल्याचं मी शपथेवर सांगत असे. त्या बोटांच्या भाषेत एक खूण आकड्याची नव्हती. आपल्या तळव्यात पुंजाजीनं अंगठा रुतवला की समजायचं, आता तोंड उघडायचं नाही, बोलणं त्याच्यावर सोडायचं. मोठमोठे बोलके शेतकरी त्या अंगठ्याखाली गप्प होत.

माझी त्याची ओळख झाली ती माझा बैल विकताना. पुंजाजीनं दात पाहिले नाहीत, खूर पाहिले नाहीत. सरळ मागे गेला, शेपटीच्या मुळाशी दोन बोटं लावली आणि डोळे मिटून उभा राहिला. बैलाची नाडी तिथं लागते. मग माझ्याकडे वळून अगदी हळहळत म्हणाला, "वामनभाऊ, बैल देखना हाय. पन रगत पातय हाय."

आमच्याकडे ळ ला जीभ वळत नाही. पातय म्हणजे पातळ. आणि पातळ रक्ताचा बैल म्हणजे दिसायला देव आणि नांगराला पाव्हणा. बाजारात याहून मोठी शिवी नव्हती. माझ्या बैलानं ती ऐकून मान खाली घातली आणि नव्या धन्याच्या घरी जाईपर्यंत वर काढली नाही. भाव अर्थातच उतरला. पण महिन्याभरानं पुंजाजी स्वतः माझ्या घरी आला आणि त्या किमतीत मिळणार नाही असा खोंड त्यानं मला मिळवून दिला. मी चकित झालो तर म्हणाला, "त्या दिशी तो धनी राजी केला, आज तू. दलालानं दोन्ही धनी राजी ठेवावं. एक बी रुसला तं दलाली नाई, चोरी झाली."

हे त्याचं आवडतं वाक्य. नवराबायकोच्या भांडणात, भावाभावांच्या बांधाच्या तंट्यात, लग्नाच्या मानपानात, कुठंही त्याला बोलावत आणि तो उपरणं झटकून मध्ये बसे. घरी बायकोच्या, म्हणजे गयावहिनीच्या, आणि आपल्या पोटाच्या मध्येसुद्धा दलाली करत असे. भूक नसली तरी तिच्यासाठी अर्धी भाकर खाई आणि पोटासाठी अर्धी टाळत असे. मूलबाळ नव्हतं. दोघांचं एकमेकांवर एवढं होतं की भांडायलासुद्धा त्यांना तिसरा माणूस लागे, आणि तो बहुतेक मी असे.

एका बाजारी भर सौद्यात तो हात सोडवून लिंबाखाली जाऊन बसला. कपाळ घामेजलेलं, धाप लागलेली. मी जवळ गेलो तर डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून, डोळे मिटून, अगदी बैलाची पाहावी तशी स्वतःची नाडी पाहत होता.

"वामन, जोडी बिघडली," तो म्हणाला. "एक ओढते, एक बसते. कवा तीन पावलं दवडते, कवा उभीच राह्यते. असा बैल म्या फुकट बी नाई घेतला."

दुसऱ्या दिवशी मी त्याला मोटारीत घालून वाशीमला नेलं. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हतं, जिल्हा अकोला. वाशीमला एक तरुण डॉक्टर नवेच आले होते. इतके बारीक की मोटारीच्या हॉर्ननं हलतील. पण माणूस कसून काम करणारा. त्यांनी छातीला नळी लावली, दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत दोन्हीकडचे ठोके मोजले. छातीत जितके ठोके पडत होते तितके मनगटात पोचत नव्हते. हे त्यांनी सांगताच पुंजाजी म्हणाला, "मंग वाटंत दलाली कोनं खाल्ली?"

डॉक्टर हसले नाहीत. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, ते विचारलं. आला होता. त्या तापानं हृदयातलं एक दार तेव्हाच आखडलं होतं, आता वरचा कप्पा ठोका देईनासा झाला होता, नुसता थरथरत होता. माशी बसल्यावर बैलाचं कातडं थरथरतं तसं काय, असं पुंजाजीनं विचारलं, आणि डॉक्टर म्हणाले, अगदी तसं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त कोपऱ्याला साचून राहतं. साचलं की दह्यासारखं विरजतं. त्याची एखादी गुठळी सुटून मेंदूत गेली की अंगावरून वारं जातं. हात जातो, पाय जातो, बोलणं जातं.

मरणाबद्दल पुंजाजीनं एक अक्षर विचारलं नाही. फक्त म्हणाला, "जीभ गेली तं दलालाचं काय उरते, डाक्टर?"

उपाय दोन होते. ठोके आवरायला डिजिटॅलिसचे थेंब, आणि गुठळी होऊ नये म्हणून एक नवी गोळी. गोळी मुंबईहून मागवावी लागणार होती. डॉक्टरांनी तिच्याबद्दल वाचलं पुष्कळ होतं, दिली थोड्यांनाच होती, आणि तसं त्यांनी लपवलं नाही. गोळी कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायचं. म्हणून महिन्याच्या महिन्याला अकोल्याला रक्त तपासायचं. हे सगळं पुंजाजीनं नीट ऐकलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात काय, तुमचं रक्त पातळ ठेवायचं."

जन्मभर दुसऱ्यांच्या बैलांना दिलेली शिवी नळीवाल्या माणसानं त्याला त्याच्या तोंडावर दिली होती, आणि तीही औषध म्हणून.  परतीच्या मोटारीतून गाव दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "कोनाले सांगू नको, बाप्पा."

आता मी कसा माणूस आहे ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी हॉटेलात चहाचा कप हातात आला आणि तोंडातून निघून गेलं. म्हटलं, पुंजाजीचं रक्त डॉक्टरनं असं पातळ केलंय की काल एक मच्छर त्याला चावला आणि घोटभर पिऊन परत आला, म्हणाला, दुधात पाणी घालता ते घाला, पण एवढं? हॉटेल हसून आडवं झालं. मीही त्यांच्याबरोबर हसलो. पुढच्या बाजारी पुंजाजीनं एका बैलाच्या शेपटीला बोटं लावली तेव्हा बैलवाला म्हणाला, "पुंजाजीभाऊ, आधी आपलं रगत पाहा." सगळी दावण हसली. त्यानंतर दोन बाजार पुंजाजी घरातून निघाला नाही.

गयावहिनी माझ्या दारात आल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. मच्छराची गोष्ट कुणाची, हे त्यांना कळलं होतं की नाही कोण जाणे. एवढंच म्हणाल्या, की ते जेवत नाहीत, त्यांचं रक्त पाणी होऊन राह्यलं, तुमच्या विहिरीवर हिरवं काही असेल तर द्या, हिरव्यानं रगत धरते.

मला तर काहीतरी द्यायचंच होतं. मी त्या दिवसापासून विहिरीजवळच्या वाफ्यातला चाकवत, पालक, हरभऱ्याचा कोवळा पाला रोज सकाळी जुडी बांधून पोचवू लागलो. हिवाळा होता, भाजी अशी माजली होती की इकडे खुडली की तिकडे फुटल्याचा आवाज येई. वहिनी ती लसूण घालून घोटत आणि पुंजाजी वाटी वाटी खात असे. त्याच्या तोंडावर तजेला आला. तो बाजारात परतला. कुणी रक्ताचं काढलंच तर छाती ठोकून सांगे की आता घट्ट झालं, पाहा.

मी विचारलं, गोळीचं काय? ती चालूच होती. एक दिवस चुकली नव्हती. "डाक्टर बी धनी, गाव बी धनी," तो म्हणाला. "सकाळी गोयी, दुपारी भाजी. त्याचं पातय बी झालं, गावाचं घट्ट बी झालं. काहून, जमला का नाई सौदा?"

मला तो फार बरोबर वाटला. मी ती तोड चार गावांत सांगितली.

अकोल्याहून पहिल्या महिन्याचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. रक्त पुरेसं पातळ होत नव्हतं. त्यांनी गोळी वाढवली. दुसऱ्या महिन्यालाही तेच. पुन्हा वाढवली. तिसऱ्या खेपेला त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, की गोळी खरंच घेता ना, दुसरं काही औषध, काढा, काही वेगळं खाता का? पुंजाजी म्हणाला, भाकर खातो. डॉक्टर माझ्याकडे वळले. तुम्ही सांगा.

पुंजाजीचं उपरणं आम्हा दोघांच्या मध्ये बाकावर पडलेलं होतं. त्याखालून त्याचा हात आला, माझा हात त्यानं धरला आणि तळव्यात अंगठा रुतवला.

उभ्या आयुष्यात मी न विचारता हजार गोष्टी सांगितल्या. त्या दिवशी एक माणूस खुर्ची पुढे ओढून विचारत होता, तेव्हा मी म्हणालो, आमच्यासारखंच खातो, साहेब.

बाहेर आल्यावर मी विचारलं, लपवलं कशाला? तो म्हणाला, "डाक्टर भाजी बंद कराले लावन. ती इतक्या मायेनं रांधते. तिले वाटन, माह्या हातचं खाऊन बिघडलं. राहू दे."

माघातला बाजार होता. पुंजाजीनं मलकापुरी जोडीचा सौदा चालवला होता. उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात, बोटं बोलत होती. एकाएकी पुंजाजीची पकड सैल पडली, बोटं सुटत गेली. गिऱ्हाइकाला वाटलं, भाव उतरला. तो खूश होऊन म्हणाला, बस, झाला सौदा. उपरणं खाली पडलं तेव्हा पुंजाजीचा उजवा हात नुसता लोंबत होता आणि तोंडाचा एक कोपरा खाली ओढला होता. तो काहीतरी सांगत होता. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. त्यात शब्द नव्हता.

डॉक्टर स्वतः वाशीमहून आले. पाहिलं, नळी लावली, काढून खिशात ठेवली. करण्यासारखं काही नाही हे त्यांनी मला बाहेर अंगणात सांगितलं. कुशीवर ठेवा, चमच्यानं पाणी द्या, अंग पुसा. बोलता बोलता त्यांची नजर ओट्यावर गेली. तिथं माझी सकाळची चाकवताची जुडी तशीच पडलेली होती. हे रोज येतं का, असं त्यांनी विचारलं. आता माझ्या तळव्यात कुणाचा अंगठा नव्हता. मी सगळं सांगितलं, किती महिने, किती वाट्या.

ते ओट्यावर बसले. मग हळू म्हणाले, की गोळी रक्तातलं जे गोठवणारं सत्त्व कमी करते तेच या पानांत भरलेलं असतं. मी गोळी वाढवत गेलो, तुम्ही भाजी. जुडी हातात घेऊन म्हणाले, "मी एकेका भाजीचं नाव घेऊन विचारायला हवं होतं." त्यांच्या वयाला शोभू नये इतका तो चेहरा म्हातारा झाला होता. 

आत गेलो. गयावहिनी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "डाक्टर काय म्हने, वामनभाऊ? खान्यात काई आलं काय?"

मी खाटेच्या कडेला टेकलो होतो. पांघरुणाखालून काहीतरी चाचपडत आलं. डावा हात. उजव्या हातानं जन्मभर जे केलं ते त्या हाताला नीट येत नव्हतं. आधी मनगट धरलं, मग बोटं, मग तळवा सापडला. अंगठा रुतला. बैलाला पायाखालची जमीन लागावी तसा.

मी म्हणालो, "थंडी लय पडली म्हणे यंदा. थंडीनं झालं."

वहिनींनी पांघरूण नीट केलं. पुंजाजी महिना सरायच्या आत गेला. तोवर मी रोज त्याच्याजवळ बसे आणि त्याला गोष्टी सांगे. वाटेल त्या. तो डाव्या डोळ्यानं हसे असं मी लोकांना सांगतो. तेवढं खरं आहे की नाही, मलाही आता ठाऊक नाही.

त्यानंतर दरवर्षी संक्रांत झाली की गयावहिनी मला जेवायला बोलावत. पानात चाकवत, लसूण घालून घोटलेला. वाढताना म्हणत, "तुमच्या भाजीनं चार महिने जास्त निंगाले त्याचे." अशी वीस वर्षं. मी खात असे. वाटी संपली की त्या पुन्हा पळी भरून पुढे करत. नको म्हणायला मी तोंड उघडी, आणि तळव्याच्या मधोमध, जुन्या जागी, काहीतरी रुतत असे.

मी वाटी पुढे करी.