भाऊंचं उजवं मनगट

मी आज आश्रमशाळेतल्या मुलींना जे शिकवते, ते मला चंद्रपुरात एका निवृत्त खाणकामगारानं शिकवलं. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही. तरुणपणी ते कामाच्या शोधात कलकत्त्याला गेले आणि चिनी लोकांच्या चामड्याच्या कारखान्यात लागले. तिथला एक म्हातारा कारागीर सकाळी कारखान्याच्या अंगणात विंग चुन या चिनी युद्धकलेचे हात करायचा. भाऊंनी वर्षभर ते लांबून पाहिलं. मग एक दिवस त्या म्हाताऱ्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, ''देखता ही रहेगा?'' त्या दिवसापासून भाऊ त्याचे शिष्य झाले. पुढे कोळसा खाणीत नोकरी लागली तरी त्यांनी ती विद्या सोडली नाही.

मी कुरखेड्याकडच्या खेड्यातली. कॉलेजसाठी चंद्रपूरच्या वसतिगृहात राहायचे. रविवारी बुद्धविहारात वंदनेला जायचे, तेव्हा मागच्या कडुनिंबाखाली एक वयस्क माणूस एकटाच हवेत सावकाश हात फिरवताना दिसायचा. मला हसू यायचं. एकदा मी हसतेय हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ''ये, हा हात पकड. सोडवून घेतो का नाई ते पाह्य.'' मी दोन्ही हातांनी मनगट घट्ट धरलं. त्यांनी कोपर नुसतं पंखासारखं उचललं, आणि माझे हात रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कडुनिंबाखाली हजर होते.

चार वर्षं शिकले. त्यातली बहुतेक ‘चिकट हात’ नावाच्या सरावात गेली. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटांना मनगटं टेकवायची आणि हात गोल फिरवत राहायचं. समोरच्याचा हात कुठे ताठरतो, कुठे थकतो, कुठे वाट मोकळी सोडतो, ते आपल्या कातडीला कळलं पाहिजे.

''डोये मिट,'' भाऊ म्हणायचे. ''हातानं आयक.''

मी जोर लावायचे. ''काऊन ढकलून राह्यली? मी का भिंत आहो?''

एक गोष्ट मात्र ते रोज बजावायचे. वाट मिळाली की हात गेलाच पाहिजे, पण छातीच्या बोटभर आधी थांबला पाहिजे. ''ज्याले थांबता येत नाई, त्याले मारताबी येत नाई.''

सरावानंतर त्यांच्या घरी जायचं आणि बाईंच्या हातची गरम भाकर, जवसाची चटणी खायची, हे ठरलेलं. बाई म्हणजे भाऊंच्या घरच्या. मला पोरगीच म्हणायच्या.

शिक्षण संपलं आणि गडचिरोलीतल्या एका शिक्षणसंस्थेला आश्रमशाळेतल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवायला प्रशिक्षिका हवी असल्याचं कळलं. मुलाखतीत प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. माझ्याबरोबर हात फिरवायला भाऊंशिवाय कोण होतं? सत्तरी ओलांडली होती त्यांनी. हिवाळ्यापासून उजवा हात थोडा कापायचा, चहाचा कप बशीत वाजायचा. तरी ''चाल, जाऊ,'' म्हणाले. बाईंनी डबा बांधून दिला आणि आम्ही मूल गावावरून एसटीच्या लाल गाडीनं गेलो.

संस्थेच्या सभागृहात तीन परीक्षक बसले होते. बाकी बाया-माणसं कराटेची, पांढऱ्या पोशाखात, कौलं फोडून दाखवणारी. आमची पाळी आली. आम्ही मनगटं टेकवली आणि हात फिरवायला लागलो. हाताला हात लागला की भाऊंचं कापणं थांबायचं, तेव्हाही थांबलं.

परीक्षकांतला एकजण मोठ्यानं म्हणाला, ''हे तर फुगडी खेळल्यासारखं दिसून राह्यलं.''

सभागृह हसलं. मागच्या खुर्चीवरून कोणी तरी टाळ्या वाजवून ताल धरला.

माझे कान तापले. भाऊंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ते शांतपणे फिरवत होते. पण माझ्या मनगटाला कळलं होतं, दर दोन-तीन फेऱ्यांनी त्यांचा उजवा हात मागे पडतोय. कोपर जड झालंय. ते थकलेत. चार वर्षांत त्यांनी मला जे ऐकायला शिकवलं, ते मी त्या क्षणी अगदी स्पष्ट ऐकलं.

पुढच्या फेरीत तो हात मागे पडला तेव्हा मी तो खाली दाबला आणि तळहात छातीवर मारला. बोटभर आधी थांबले नाही.

भाऊ मागे फेकले गेले. पडताना त्यांनी उजवा हात फरशीवर टेकवला. मनगटाचा आवाज मला ऐकू आला. हसणं बंद झालं. सगळे धावले. मीही धावले, आणि मी तोंड उघडायच्या आधीच भाऊ म्हणाले, ''पाय घसरला. फरशी चिकनी आहे.''

दवाखान्यात प्लास्टर झालं, डॉक्टरांनाही त्यांनी तेच सांगितलं. मी शेजारी उभी राहून मान डोलावली. आठवड्यानं मला नोकरीचं पत्र आलं. माझ्या त्या एका फटक्यानं परीक्षकांची खात्री पटली होती.

मनगट वाकडं जुळलं. भाऊंना घास मोडता येईना, शर्टाचं बटन लावता येईना. बाई भरवायच्या. मी सुट्टीत गेले की बाई म्हणायच्या, ''पोरीनं किती धावपळ केली त्या दिवशी. तू होती म्हणून बरं.'' आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकायच्या. ती भाकर मी गिळायचे.

तीन वर्षांनी धीर केला. बाई बाजारात गेल्या होत्या. मी म्हटलं, ''भाऊ, तुमचा पाय घसरला नव्हता. मी मारलं.''

''मालूम आहे मले,'' ते म्हणाले. ''माया हात थकला, हे तुले समजलं होतं काय?''

''हो.''

''म्हणजे शिकली तू.'' मग त्यांनी विचारलं, ''मंग थांबली काऊन नाई?''

ते रागावले नव्हते. खरोखर विचारत होते. लोक हसले म्हणून, असं सांगायची लाज वाटली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढची चार वर्षं मी गेले की ते डाव्या हातानं माझ्याशी हात फिरवायचे, पूर्वीसारखेच. त्या डाव्या मनगटात मी राग शोधायचे. कधी सापडला नाही, आणि त्यानं मला बरंही वाटलं नाही.

भाऊ गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत बाई जमलेल्या लोकांना सांगत होत्या, या पोरीनं त्यांना लेकीसारखं सांभाळलं. मला ते सहन झालं नाही. सगळे गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मन हलकं होईल, असं वाटलं होतं.

बाईंनी ऐकून घेतलं. लुगड्याचा पदर बोटाभोवती गुंडाळला. ''त्यायनं मले नाई सांगतलं,'' त्या म्हणाल्या. ''त्यायनं झाकलं, तं तू काऊन उघडलं? आता तुयाकडे मी कशी पाहू?''

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझं ओझं मी एका एकट्या बाईच्या डोक्यावर ठेवलं होतं, तेही तिचं घर नुकतंच रिकामं झालं असताना.

मी अजूनही जाते. बाई पाणी देतात, तब्येत विचारतात. माझ्यासाठी चूल पेटत नाही. मागच्या महिन्यात गेले तेव्हा पाण्याचा गिलास हातात देत त्यांनी अचानक विचारलं, ''गडचिरोलीले गेले त्या दिवशी मी डबा देल्ला होता. ते जेवले होते काय?''

खोटं बोलता आलं असतं. ''नाही,'' मी म्हटलं. ''गाडीतून उतरल्यावर ते म्हणाले, दोन घास खाऊ. मीच म्हटलं, उशीर होईल.''

बाईंनी मान हलवली. रिकामा गिलास माझ्या हातातून घेतला, विसळून पालथा ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ''जाय आता. तुयी गाडी चुकल.''