सात प्रश्न, सात हव

तरुणपणी, म्हणजे गेल्या वर्षी, मी फार शहाणी होते. रेल्वेच्या ऑफिसातून कधीच रिटायर झालेली, नातवंडं मोठी झालेली. तेव्हा रायपूरच्या चौबे कॉलनीतून रिक्षा करून भनपुरीकडच्या मुलींच्या बालगृहात शिवण शिकवायला जायचे. हातात सुई, डोक्यात हवा.

तिथे नऊ-दहा वर्षांची एक पोट्टी होती. बस्तरातलं तिचं गाव गोळीबाराच्या भीतीनं उठलं, पळापळीत घरचे हरवले, नि ती रायपूर स्टेशनात एकटी सापडली. तिला फक्त गोंडी येई. आम्हा कोणालाच ती येत नव्हती. पण तिनं एक शब्द उचलला होता, ‘हव’. इकडे ‘हो’ला हव म्हणतात.

जेवलीस? हव. बरं वाटतं? हव.

डब्याचं झाकण पडलं तरी ती शिलाई मशीनखाली शिरायची. मी म्हणायचे, लाजरी आहे! बालगृहाच्या वहीत लिहिलंसुद्धा, ‘मुलगी छान रमली आहे.’ खाली झोकात सही. गेल्या वर्षीची ती शहाणी बाई आज भेटली तर कान पिळीन तिचा.

मग समुपदेशक मॅडम आल्या. हिंदीत सात प्रश्न, सात हव. फाइलवर ‘सामान्य’ लिहिलं. इलाजाची गरज नाही, दूरच्या वसतिगृहात पाठवा. तेवढ्यात बाहेर ट्रकचा टायर फुटला नि पोट्टी मशीनखाली. बाहेर काढली तर मला बिलगून भीतीनं लुगडं ओलं केलं तिनं माझं. तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

“मॅडम, एक सवाल मी विचारू?”

“पूछिए ना, आंटी.”

“बेटा, तू हाथी है?”

“हव.”

“और ये मैडम बंदर हैं?”

“हव.”

मॅडम लाल. “आंटी, आप मज़ाक कर रही हैं!”

“मजाक तर आपण सगळेच करून राहिलो, बाई. गोंडी बोलणारं कोणी काहून नाही आणलं?”

मॅडमबरोबर आलेले बालकल्याण खात्याचे साहेब म्हणाले, “वो पोस्ट ही मंज़ूर नहीं है.”

हत्ती मंजूर, पोस्ट नामंजूर!

वसतिगृह टळलं. दंतेवाड्याकडची एक नर्स मीच शोधली. रविवारी, तिच्या सुट्टीत येते. पहिल्या दिवशी पोट्टी तासभर बोलत राहिली. नर्सनं मला एवढंच सांगितलं, “पूछ रही है, ये लोग मुझसे रोज़ क्या पूछते हैं?”

नर्स माया लावते, पण मनाची डॉक्टर नाही. ती स्वतःच तसं म्हणते. म्हणून गोंडी बोलणाऱ्या समुपदेशकाची पोस्ट मागायला दर सोमवारी मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसते. ते चहा मागवतात. मी पीत नाही. उठतही नाही.