हिरवी मोळी

आई गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात किनवटकडच्या माझ्या माहेरी पिक्चरवाले आले होते. बायांच्या घोळक्यात चालायला त्यांनी आईलाही घेतलं. भाऊ फोनवर ते सांगत होता, तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला. "बये, मी दिसंन का गं त्याच्यात?"

"दिसशील की," मी म्हणाले.

तिचा फोटो एकच आहे, आधार कार्डावरचा. त्यात ती घाबरलेली दिसते. म्हणून पिक्चर मोबाईलवर आल्याचं भावानं कळवलं तेव्हा मला तो बघायचाच होता. इथं औशाला घरात मी एवढंच सांगितलं की माझ्या गावात शूटिंग झालंय. आईचं सांगितलं नाही. पिक्चर सोडून सगळे माझ्याच तोंडाकडं बघत बसले असते.

सुनेनं दुपारी टीव्हीवर लावून दिला. आमचे हे पलंगावर, सून खाली, मी दाराशी गहू निवडत.

गुंड मागं लागतात आणि हिरो जंगलात हरवतो, अशी गोष्ट. भूक भूक करत तो चालतो टेंभराच्या झाडांखालून, आणि गोड टेंभरं पिकून पायाशी पडलेली. सागाच्या वाळल्या पानांवर गुंड पळतात, पण पान वाजत नाही. ओढा तोच, फिरून फिरून ओलांडला. शर्ट अलीकडं फाटका, पलीकडं धड. वाघ नुसता ओरडत होता, दिसत नव्हता.

"वाघाचे पैसे बुडविले वाटतं," हे म्हणाले. सून खो खो हसली. मग लांबून आगगाडीची शिट्टी वाजली तसे हे उठूनच बसले. "आरं येड्या, ठेसन हाय की जवळ! बस गाडीत अन् जा घरी!"

मलाही हसू आलं.

मग बाया आल्या. डोक्यावर मोळ्या, पण पळसाच्या ओल्या फांद्यांच्या. आमच्याकडं मोळी वाळल्या लाकडाचीच असते. ओलं लाकूड जड, चुलीत नुसतं धुपतं, आणि जंगलाचा गार्ड कुऱ्हाड काढून घेतो. पिक्चरवाल्यांना हिरवं बरं दिसलं असेल. पाला पार छातीपर्यंत लोंबत होता. एकीचंही तोंड दिसेना.

मी सूप खाली ठेवलं. मधली एक बाई आईसारखाच डावा पाय जरा बाहेर टाकत चालत होती. तीच. वाळली मोळी असती तर कपाळापासून हनुवटीपर्यंत दिसली असती.

"शेळ्याला पाला नेऊन राहिल्या का काय?" हे म्हणाले.

बाया निघून गेल्या. सून माझ्याकडं वळली. "आत्या, लईच रटाळ हाय. पुढं ढकलू का?"

मागं घे, असं म्हणायचं होतं. पण का, ते तिनं विचारलं असतं.

"ढकल," मी म्हणाले.

मला स्वतःला तो पिक्चर लावता येत नाही.